भेंडीचं पाणी

शिरूर, गुरुवार, ९ जानेवारी २०२५

अक्का,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानं केलेलाच गोड मानून घे. सोळा वर्षांनी तुला लिहिते आहे. फोन केला की तुझा सत्यजीत उचलतो, "आई, शिरूरची मावशी हाय," असं आत सांगतो आणि पलीकडून भांडी आपटल्याचा आवाज येतो. मग बिचारा म्हणतो, आई कामात हाय. दौंडला तुमच्याकडे एवढी भांडी आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पत्रासमोर भांडी वाजवून उपयोग नाही. ते आपलं कोनाड्यात पडून राहतं आणि कधीतरी वाचलं जातं.

मला तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे. कोणती, ते तुला माहीत आहे. आणि तू एकदा शिरूरला यावंस, माझ्याशी बोलावंस, एवढंच मला हवं आहे. कबूल करणं जड जातंय म्हणून आधी भलतंच सांगते. चोपन्नाव्या वर्षी मी तोंडावरच्या सुरकुत्या घालवायला दवाखान्यात जायला लागले आहे. हस पाहिजे तेवढी.

इथे पेठेत एका मेडिकलच्या वर कातडीचा दवाखाना निघालाय. डॉक्टरीणबाई पुण्याहून दर गुरुवारी येतात. मशीन चालवते ती अपेक्षा, कारेगावची मुलगी, आधी कंपनीत लाइनवर होती. तिनं पहिल्यांदा एक फॉर्म भरून घेतला. छातीत मशीन बसवलंय का, हाडात पट्टी आहे का, पूर्वी कधी भाजलंय का. शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हणाले आणि उगाच खोकले.

मग पलंगावर निजवलं, डोळ्यांवर पट्टी ठेवली, तोंडाला गार, चिकट जेल लावलं आणि हातात मावेल असं एक यंत्र गालावरून फिरवायला सुरुवात केली. ना धूर, ना आवाज. बाईंनी समजावलं ते असं, की वरची कातडी शाबूत राहते आणि ऊब तिच्या खाली उतरते. खालच्या थराला वाटतं आपल्याला चटका बसला, आणि तो स्वतःची डागडुजी करायला घेतो. ती महिनोन्‌महिने चालते. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं कांद्याच्या वाफ्यात उन्हानं करपलेलं तोंड हे, त्याला पुन्हा ऊबच देताय? त्या म्हणाल्या, ऊन मापात नसतं, हे मापात असतं. फार अपेक्षा ठेवू नका असंही म्हणाल्या. ते मला आवडलं.

"गरम लागलं की सांगायचं काकू, उगं सोसायचं न्हाई," अपेक्षा म्हणत होती. मी सांगितलंही असतं, पण तोवर मी तिथे नव्हते.

मी आपल्या गुऱ्हाळावर होते, अक्का. दुपार होती. उसाच्या रसाची काहील भरून उकळत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. वाफ खाली उतरत होती, वर जायचं सोडून, आणि माझ्या गालांना लागत होती. पलीकडच्या बाजूनं तू चालली होतीस, कमरेपर्यंतची वेणी, हातात उसाचं कांडं. मी काहिलीला वळसा घालून तुझ्याकडे येत होते आणि काहील मोठी होत होती. वळसा संपेचना. मग भीमेचं पाणी मळ्यातून वर आलं आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं, विझवेना, नुसतं बघत राहिलं. अपेक्षानं पट्टी काढली तेव्हा म्हणाली, काकू, झोपला व्हता तुम्ही.

खाली उतरले तर पेठ अजून वाफेतच होती. भाजीवाल्या, रिक्षा, माणसं, सगळं थोडं वितळल्यासारखं. घरी आल्यावर यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ट्यूबलाइट नवीन लावली का. तुझे मारुतराव भावजी अजून तसेच आहेत.

आता आठ दिवस उन्हात जायचं नाही म्हणे. आपल्यासारख्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्यातून बाहेर बस म्हणण्यासारखंच आहे.

तुझी,
नीलम


शिरूर, ६ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर आलं नाही. मी पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला बघून सायकल लांबून नेतो.

आज दुसरी बैठक झाली. फरक विचारशील तर कपाळावरच्या आठ्या तेवढ्याच आहेत, पण कातडी जरा ताठ बसल्यासारखी वाटते, इस्त्री केलेल्या जुन्या लुगड्यासारखी. आरशात आईचं कपाळ दिसायचं ना मला, ते अजून दिसतं. ते जाऊ नये असं वाटतं. हे मी बाईंना सांगितलं नाही.

मागच्या पत्रात मी तुला पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. मी त्या दवाखान्यात माझ्या तोंडासाठी गेलेच नव्हते.

दिवाळीनंतर मी त्या पाटीखालून जात होते. पाटीवर फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. एका बाईची मान होती, भाजलेली, ताणलेली. नंतरच्या फोटोत ती बाई मान वळवून बघत होती, एवढंच. गोरी झाली नव्हती, डाग होताच. पण मान वळत होती. मी रस्त्यात उभी राहिले आणि मला तू आठवलीस, कोणी हाक मारली की आख्खी वळतेस ती. एकोणचाळीस वर्षं तू आख्खी वळते आहेस.

वर गेले आणि विचारलं, एवढं जुनं भाजलेलं बरं होतं का. बाई म्हणाल्या, थोडं मऊ होतं, ओढ कमी होते, पण पेशंटला आणा. पेशंट कुठून आणू? पेशंट माझा फोन घेत नाही. तेवढ्यात मला वाटलं, तुला विचारलं तर तू पहिला प्रश्न हाच विचारशील की पोळतं का. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी म्हटलं, आधी माझ्यावर करा.

म्हणजे सुरुवात अशी झाली. आता मला ते आवडायला लागलंय हेही कबूल करते.

आज पट्टीखाली मला आपली ओसरी दिसली. तुला बघायला आले होते तो दिवस. तू बावीसची, मी एकोणीसची. तुला डावा गाल भिंतीकडे करून बसवलं होतं, आत्यानं पदरही तसाच ओढून दिला होता. मी पोहे घेऊन आले. स्वप्नात पोह्यांच्या बश्या फार होत्या, ओसरीभर, अंगणभर, आणि मी त्या एकेक उचलून कोणाला तरी देत होते, आणि कोणीच घेत नव्हतं. खरं त्या दिवशी सगळ्यांनी घेतले. आठ दिवसांनी निरोप आला की मुलगा, म्हणजे हे, धाकटीला पसंत करतो. आप्पा रागावले, मग गप्प बसले, मग हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही आणि मीही नको म्हणाले नाही. मला आनंद झाला होता, अक्का. तो मी त्या वेळी लपवला, आता लपवत नाही.

तुझा गाल कसा भाजला ते यांना अजून माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तेच यांनाही माहीत आहे.

नीलम


शिरूर, ७ मार्च

अक्का,

परवा सत्यजीतचा फोन आला. आधी पावसापाण्याचं बोलला, मार्च महिन्यात. मग म्हणाला, "मावशी, ती मशीन पोळती का?" मी विचारलं, आईनं विचारलंय का. "न्हाई न्हाई, म्याच इचारतोय," म्हणाला. मागे एकही भांडं वाजत नव्हतं.

तर तू पत्रं वाचतेस. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, यांना वाटलं मशीनमुळे.

पोळतं का, याचं उत्तर: तोंड शेकायचं मशीन पोळत नाही. भाजलेल्या जागेचं वेगळं असतं, त्याला बारीक सुया असतात, सुयांच्या टोकाशी ऊब सुटते. आधी बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवतात. काल तिसऱ्या बैठकीला मी अपेक्षाला म्हटलं, ते माझ्या मनगटावर करून दाखव. ती म्हणाली गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. मुंगी चावावी तेवढं लागतं. आणि मग खूप वेळ ऊब राहते.

आता ते लिहिते. बस आणि वाच. चष्मा लाव.

मी पंधराची होते, तू अठराची. माघ महिना, रसाचं शेवटचं आधण. हौशीराम गुळव्या भाकरी खायला झाडाखाली गेला होता आणि काहिलीवर आपण दोघीच होतो. कठड्यावर दोन तांबे असायचे. एकात ठेचलेल्या भेंडीचं पाणी, ते रस तापायला लागला की घालायचं, म्हणजे रसातली मळी वर येते. दुसऱ्यात तेल. काकवी घट्ट होऊन फेस चढला की तेलाचे दोन थेंब सोडायचे, फेस बसतो. हे आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. घट्ट झालेल्या काकवीत पाणी पडलं तर ती अंगावर येते, हेही माहीत होतं.

फेस चढला. तू वाकून फावड्यानं ढवळत होतीस. म्हणालीस, नीलम, तेल सोड.

मी तोंड फिरवून उभी होते. का ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आच लागून तोंड काळं पडेल म्हणून. शाळेत कोणीतरी म्हणालं होतं की गुऱ्हाळावरच्या पोरींचं तोंड तव्यासारखं होतं. मी ओढणी नाकापर्यंत घेतली होती आणि काहिलीकडे न बघताच हात मागे नेला. हाताला लागला तो तांब्या उचलला आणि उपडा केला. दोन थेंब नाही, आख्खा. तो भेंडीच्या पाण्याचा होता.

काल पट्टीखाली मला हेच दिसलं. फक्त स्वप्नात मी वळून बघितलं. दोन्ही तांबे स्वच्छ दिसत होते, एकावर उन्हाचा कवडसा होता. मी बरोबर तांब्या उचलला. फेस बसला. तू फावडं टेकवलंस, माझ्याकडे बघून मान हलवलीस, नुसती मान, अंग न वळवता. मी रडले म्हणे, अपेक्षानं यंत्र थांबवलं. तिला वाटलं जास्त गरम झालं.

आप्पा धावत आले तेव्हा तू जमिनीवर होतीस, गाल धरून. आणि आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "आप्पा, म्याच वाकले." हे तू मला वाचवायला म्हणालीस. मला तेव्हाच कळलं होतं.

एवढंच असतं तर तू मला माफ केलं असतंस. माझ्या लग्नात माझी ओटी तूच भरलीस. मुलगा झाला तेव्हा बाळंतविडा घेऊन तूच आलीस. पण आप्पांच्या दहाव्याला, नदीवरून परत आल्यावर, सगळी भावकी ओसरीवर बसली असताना तुळजाआत्यानं विषय काढला. तुझं नाव घेऊन म्हणाली, दगडाबाईनं स्वतःच्या हातानं तोंड जाळून घेतलं, त्या घोरानं आप्पा खचला. आत्या म्हणाली, नीलमला विचारा, ती होती तिथं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तूही बघितलंस. अक्का, तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, तू नुसती वाट बघत होतीस. आप्पा गेले होते, आता भ्यायचं कोणाला. आणि मी अडतीस वर्षांची बाई, नवरा शेजारी बसलेला, म्हणाले, "अक्काच वाकली होती."

तू मला झाकायला जे दिलं होतंस तेच मी तुझ्यावर उलटवलं. तू उठलीस, पिशवी घेतलीस आणि यष्टीच्या थांब्याकडे चालू लागलीस. तेव्हापासून तू बोलली नाहीस आणि बरोबर केलंस.

चूक पंधराव्या वर्षी झाली. गुन्हा अडतिसाव्या वर्षी केला. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते. झालं लिहून.

नीलम


शिरूर, २९ मार्च (कार्ड)

अक्का, गुरुवार १० एप्रिल, सकाळी अकराची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे दीड तास लागतो. आली नाहीस तर ती वेळ मी रिकामी जाऊ देईन, दुसऱ्या कोणाला देणार नाही. नी.


शिरूर, सोमवार, १४ एप्रिल

अक्का,

तू गुरुवारी परत गेलीस आणि मला चार दिवस लागले हे लिहायला. तिथे जे झालं त्यातलं निम्मं तुला माहीत आहे, निम्मं नाही, कारण तू झोपली होतीस. म्हणून सगळंच लिहिते.

अकराला पाच मिनिटं होती. मी बाकावर बसले होते. समोर न्हावऱ्याची ती बाई होती जिचं माहेर आपल्या गावचं, आणखी दोघी होत्या, एक सासू-सुनेची जोडी. जिन्यावर आधी सत्यजीतचा आवाज आला, मग तू आलीस. पदर डाव्या बाजूला तसाच. केस किती पिकले तुझे. मला वाटलं हेही पट्टीखालचंच आहे, आता काहील मोठी होणार आणि वळसा संपणार नाही. पण तू सरळ आलीस आणि माझ्या शेजारची एक जागा सोडून बसलीस. मी पाणी दिलं. तू घेतलंस. दोघींच्या मध्ये तुझी पिशवी होती.

अपेक्षा फॉर्म घेऊन आली. तिथेच, सगळ्यांसमोर, तिची ती सवयच आहे. नाव, दगडाबाई. वय, सत्तावन्न. साखर आहे का, पट्टी आहे का. मग तिनं तुझा पदर हलकेच बाजूला केला आणि विचारलं, "आज्जी, हे कशानं भाजलं?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालीस, "तिला इचार. ती हुती तिथं."

न्हावऱ्याची बाई पुढे सरकून बसली. मला वाटलं होतं पत्रात लिहिलं म्हणजे झालं. घशात तोच खोकला आला. वाफ डोळ्यांपुढे आली, खरंच आली, आणि तिच्यात तू अठराची होतीस आणि सत्तावन्नचीही. मी म्हणाले, "माझ्या हातनं भाजलं. उकळत्या काकवीत मी भेंडीचं पाणी ओतलं. ती वाकली नव्हती. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

अपेक्षाचं पेन थांबलं. तिनं तुला विचारलं, असंच लिहू का आज्जी.

"लिव्ह की तसंच," तू म्हणालीस, आणि मधली पिशवी उचलून मांडीवर घेतलीस.

पुढचं तुला अर्धवट माहीत आहे. बाईंनी गाल चाचपून सांगितलं की फार जुनं आहे, गाल होता तसा होणार नाही, मानेची ओढ मात्र कमी होईल, आधी मानेवर बोटभर जागेत करून बघू. मलम लावून तुला निजवलं आणि तू पाच मिनिटांत घोरायला लागलीस, लहानपणी घोरायचीस तशीच, मध्येच श्वास धरून. मी स्टुलावर बसले होते. अपेक्षा सुया टेकवायची, उचलायची. तुझ्या भुवया एकदाही आवळल्या नाहीत. एकदा तू झोपेत बोललीस. मला वाटलं माझं नाव घेशील. तू म्हणालीस, "फेस बसला बघ." अपेक्षा माझ्याकडे बघायला लागली, मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर.

खाली उतरल्यावर तू म्हणालीस, "ऊब बरी वाटती." तेवढंच बोललीस. मला तेवढं पुरलं.

आता तुझ्या माघारी झालेलं. काल रविवारी मी माहेरी गेले होते. जयसिंगदादाच्या घरी, त्याच ओसरीवर. हेही बरोबर होते. तुळजाआत्या आता नव्वदीला टेकली, ऐकू अजिबात येत नाही. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, तिनं विचारलं काय. पुन्हा सांगितलं, पुन्हा काय. तिसऱ्या वेळी मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले की अक्का वाकली नव्हती, पाणी मी ओतलं. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. शेजारची सून गॅस बंद करून आली. आत्या म्हणाली, "मंग तवाच का न्हाई सांगितलंस?" दादा उठून परसात गेला. परत येताना शिरूर आल्यावर हे म्हणाले, मी एकदा दौंडला जाऊन तिची माफी मागू का. मी म्हटलं, तिलाच विचारते. तर विचारलं.

तुझ्या फॉर्मची झेरॉक्स अपेक्षाकडून मागून घेतली, ती सोबत ठेवली आहे. कागद तुझा आहे, तुझ्याकडेच असू दे. अक्षर बारीक आहे, उजेडात बसून वाच. खालून तिसरी ओळ. "भाजण्याचे कारण" एवढं छापलेलं आहे आणि पुढे तिनं निळ्या पेननं लिहिलंय: धाकट्या बहिणीने काकवीत पाणी ओतले. त्याच्या खाली नातेवाइकाची सही लागते. तू झोपली होतीस तेव्हा ती मी केली आहे.

नीलम